माकडावरून दुनिया भांडत होती, तेव्हा डार्विन किडे खाणाऱ्या रोपाला जेवू घालत बसला होता

चार्ल्स डार्विन म्हटलं की काय आठवतं? छातीपर्यंत आलेली पांढरी दाढी, गॅलापागोसची बेटं आणि माकडापासून माणूस झाला हे शाळेत ऐकलेलं अर्धवट वाक्य. अर्धवट अशासाठी की डार्विनचं म्हणणं होतं, माणूस आणि माकड यांचे पूर्वज एकच. पण ते असो. आजचा विषय माकडाचा नाही.

आजचा विषय आहे तळहातावर मावेल एवढं एक रोप. त्याचं नाव सनड्यू. शास्त्रीय नाव ड्रॉसेरा. आपल्याकडे याच कुळातल्या रोपांना दवबिंदू म्हणतात. पानावर लालसर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चमकणारा थेंब. दिसायला इतकं गोड की माशी फसते. थेंब मधाचा असेल म्हणून येऊन बसते आणि तिथेच चिकटते. मग आजूबाजूचे केस हळूहळू वाकतात, माशीला मिठी मारतात आणि पान तिला सावकाश पचवून टाकतं.

आज ही रोपं ऑनलाइन मिळतात, लोक हौसेनं बाल्कनीत लावतात, रील्स बनवतात. पण हे रोप खरंच किडे खातं, हे सिद्ध करायला डार्विनसारख्या माणसाला पंधरा वर्षं लागली. आणि एवढं करूनही एक पुरावा राहिलाच होता. तो शेवटी त्याच्या पोरानं दिला, सूपच्या थाळ्यांमध्ये रोपं लावून.

त्याचीच ही गोष्ट.

बापाला वाटायचं, हे पोरगं वाया जाणार

चार्ल्सचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ ला इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावात झाला. वडील रॉबर्ट डार्विन त्या भागातले नावाजलेले डॉक्टर. घरात पैसा भरपूर. चार्ल्स आठ वर्षांचा असताना आई गेली आणि थोरल्या बहिणींनी त्याला वाढवलं.

आजोबा इरॅस्मस डार्विन हे डॉक्टर आणि कवीही होते. त्यांनी वनस्पतींवर मोठं काव्य लिहिलं होतं आणि त्यात सनड्यूबद्दल एक टीप होती. पानावरचा चिकट द्रव लहान किड्यांचा त्रास होऊ नये म्हणून असतो, असं त्यांचं मत होतं. म्हणजे रोप स्वतःचा बचाव करतं, शिकार नाही. पुढे नातू हे मत उलटं करणार होता, पण त्याला अजून बराच वेळ होता.

शाळेत चार्ल्सचं लक्ष नव्हतं. शिकार, कुत्री आणि उंदीर पकडणं यापलीकडे या पोराला काही सुचत नाही, असं वडिलांनी एकदा चिडून त्याला सुनावलं होतं. १८२५ मध्ये त्याला एडिनबराला डॉक्टरकी शिकायला पाठवलं. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. जिवंत माणसाला, तेही लहान मुलाला, धरून चाललेली शस्त्रक्रिया बघून चार्ल्स तिथून पळाला. डॉक्टरकी संपली.

मग वडिलांनी दुसरा मार्ग काढला. डॉक्टर नाही तर निदान पाद्री तरी हो. १८२८ मध्ये स्वारी केंब्रिजला दाखल झाली. तिथं याला वेड लागलं भुंगेरे गोळा करायचं. एकदा झाडाची साल सोलताना दोन दुर्मिळ भुंगेरे सापडले. दोन्ही हातांत एकेक पकडला, तेवढ्यात तिसरा दिसला. आता काय करायचं? पठ्ठ्यानं उजव्या हातातला भुंगेरा तोंडात टाकला. त्यानं असा काही तिखट द्रव सोडला की जीभ भाजली. तो भुंगेरा थुंकावा लागला आणि तिसराही निसटला.

पण केंब्रिजमध्येच त्याला वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो भेटले. त्यांच्या शिफारशीमुळे बीगल जहाजावर जायची संधी आली. वडील नाही म्हणाले. मामानं, म्हणजे जोसाया वेजवूड यांनी, त्यांची समजूत काढली. २७ डिसेंबर १८३१ ला बीगल निघालं आणि २ ऑक्टोबर १८३६ ला परत आलं. जवळपास पाच वर्षांच्या त्या प्रवासानं सगळं बदललं.

परत आल्यावर १८३९ मध्ये त्याचं लग्न झालं. कुणाशी? त्याच मामाच्या मुलीशी, एमाशी. १८४२ मध्ये दोघं लंडन सोडून केंट परगण्यातल्या डाउन गावात राहायला आले आणि डार्विन मरेपर्यंत तिथंच राहिला. ज्या माणसानं पृथ्वीप्रदक्षिणा केली होती, तो पुढची चाळीस वर्षं घर, बाग, काचघर आणि घरामागची फिरायची पायवाट एवढ्यातच रमला.

त्याला कारण होतं. तब्येत. पोटात दुखणं, उलट्या, धडधड, थकवा. दिवसातले काही तासच काम व्हायचं. घरात दहा मुलं झाली, त्यातली तीन लहानपणीच गेली. दहा वर्षांची ॲनी १८५१ मध्ये गेली, तेव्हा डार्विन आतून मोडला. यापुढे घरातलं कुणी मूल आजारी पडलं की त्याच्या पोटात गोळा यायचा.

१८६० चा उन्हाळा

२४ नोव्हेंबर १८५९ ला त्याचं ओरिजिन ऑफ स्पीशीज हे पुस्तक आलं आणि इंग्लंडमध्ये आग लागली. देवानं सगळे जीव जसेच्या तसे निर्माण केले, या समजुतीलाच त्यानं हात घातला होता.

३० जून १८६० ला ऑक्सफर्डमध्ये जोरदार खडाजंगी झाली. एका बाजूला बिशप विल्बरफोर्स, दुसऱ्या बाजूला डार्विनचे मित्र हक्स्ली आणि हूकर. बिशपनं हक्स्लीला तुमचं माकडाशी नातं आजोबांकडून की आजीकडून असं विचारलं, हा किस्सा आजही रंगवून सांगितला जातो. पण ज्याच्यावरून एवढा राडा झाला तो डार्विन तिथं नव्हताच. तो रिचमंडला पाण्याचे उपचार घेत पडला होता.

घरचं टेन्शन वेगळंच. सोळा वर्षांची मुलगी हेन्रिएटा त्याच वसंतात तापानं आजारी पडली होती आणि बरी व्हायचं नाव घेत नव्हती. हवापालट म्हणून जुलैमध्ये सगळे ससेक्समधल्या हार्टफिल्डला एमाच्या बहिणीकडे गेले. आजूबाजूला माळरान आणि दलदल. डार्विनला काही काम नव्हतं. नुसतं फिरायचं आणि आराम करायचा.

अशाच एका फेरीत त्याला दलदलीत गोल पानांची सनड्यू दिसली. हे रोप तिकडे काही दुर्मिळ नाही. त्यावर किडे चिकटतात हेही लोकांना माहीत होतं. बहुतेकांना तो योगायोग वाटायचा.

डार्विननं सहज म्हणून बारा रोपं उपटली आणि मोजायला बसला. पूर्ण उघडलेली पानं ५६. त्यातल्या ३१ पानांवर मेलेले किडे किंवा त्यांचे अवशेष. म्हणजे निम्म्याहून जास्त पानांवर. एवढा योगायोग कसा असेल?

त्यानं काही रोपं घरी आणली. आणि इथून त्याचं घरच प्रयोगशाळा झालं.

रोपाचं पथ्यपाणी

घरी आणलेल्या रोपाला त्यानं माश्या दिल्या. केस वाकताना दिसले. मग त्याच्या डोक्यात प्रश्न आला: रोपाला नेमकं हवंय काय? नुसता स्पर्श की अन्न?

यावर त्यानं काढलेली युक्ती साधी होती, पण सगळा निकाल तिच्यावरच लागला. सारख्याच घनतेचे दोन प्रकारचे द्रव घ्यायचे. एका गटात नायट्रोजन असलेले: दूध, अंड्याचा पांढरा बलक, कच्च्या मांसाचं पाणी, लाळ, लघवीसुद्धा. दुसऱ्या गटात नायट्रोजन नसलेले: साखरेचं पाणी, डिंक, स्टार्च, ऑलिव्ह तेल, चहाचा काढा. मग एकेका पानावर एकेक थेंब.

साखर, डिंक, तेल, चहा यांच्याकडे रोपानं ढुंकूनही बघितलं नाही. दूध आणि मांसाच्या पाण्याचा थेंब पडला की केस वाकायला लागले. मातीत मुळं रोवून गपचूप उभं असलेलं हे रोप नायट्रोजन ओळखत होतं.

मग त्याला नादच लागला. एका पानावर केस किती? ३१ पानं घेऊन त्यानं मोजले. सरासरी १९२. कुठे १३०, कुठे २६०. कच्च्या मांसाचा कण एका केसावर ठेवला तर दहा सेकंदांत हालचाल सुरू झाली आणि अर्ध्या तासात तो केस पानाच्या मध्यापर्यंत पोचला. पान मिटून किती दिवस राहतं? एक ते सात दिवस. मग उघडतं, सुकतं आणि थेंब पुन्हा येतात.

पुढचा प्रयोग तर भारीच होता. बाईच्या केसाचा एक तुकडा घेतला, लांबी ०.२ मिलिमीटर, वजन मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. तो पानावरच्या ग्रंथीवर ठेवला. ग्रंथीला तो कळला, पानाचा केस वाकला. मग यापेक्षा मोठा तुकडा डार्विननं स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिला. जिभेला काहीच कळलं नाही.

आणि तेच रोप पावसाच्या थेंबांना मात्र दाद देत नव्हतं. वरून पाण्याचे थेंब पडू द्या, वाऱ्यानं गवताचं पातं एकदा घासून जाऊ द्या, केस जागचे हलत नाहीत. डार्विनला याचं कारण लगेच उमगलं. पावसाळी दलदलीत राहणारं रोप प्रत्येक थेंबाला फसलं तर त्याचा दिवस मिटण्या-उघडण्यातच जाईल आणि खरी माशी निसटेल.

घरच्यांना हा सगळा प्रकार गमतीचा वाटत होता. डार्विनचे मित्र, भूगर्भशास्त्रज्ञ लायेल यांच्या पत्नीला लिहिलेल्या पत्रात एमानं कळवलं होतं, की चार्ल्स या रोपाला अगदी जिवंत प्राण्यासारखं वागवतोय आणि शेवटी तो प्राणीच आहे असं सिद्ध करायचा त्याचा विचार दिसतोय. बायकोनं नवऱ्याची इतकी अचूक खेचलेली क्वचितच सापडेल. कारण डार्विन खरंच त्याच सीमेवर उभा होता. प्राणी खातो, वनस्पती खात नाही, ही सगळ्यांनी धरून ठेवलेली रेघ त्याच्या खिडकीशी पुसट होत होती.

त्याच नोव्हेंबरमध्ये खुद्द लायेलना लिहिताना त्यानं सांगून टाकलं, की जगातल्या सगळ्या प्रजातींच्या उगमापेक्षा मला या घडीला ड्रॉसेराची जास्त काळजी आहे. बाहेर त्याच्या नावानं शिव्याशाप चालू होते. हा मात्र रोपाला आज काय पचलं, काय नाही, हे वहीत टिपत होता.

बरं, यात त्याच्या चुकाही झाल्या. मोठे तुकडे आणि चीज घातलेली पानं काळी पडून मेली. म्हणजे रोपाला अजीर्ण झालं. ही नोंदही त्यानं लपवली नाही.

नागाचं विष आणि अंड्याचे चौकोनी तुकडे

आता एवढं सगळं हाती आल्यावर पुस्तक लगेच यायला हवं होतं. पण डार्विनला घाई नव्हती आणि तब्येतही साथ देत नव्हती. मध्ये इतर कामं आली. १८६२ मध्ये ऑर्किडवरचं पुस्तक, १८६८ मध्ये पाळीव प्राणी आणि पिकांवरचं, १८७१ मध्ये माणसाच्या उत्पत्तीवरचं, १८७२ मध्ये भावनांच्या आविष्कारावरचं. दरम्यान घराशेजारी काचघर उभं राहिलं, लंडनच्या क्यू बागेतून हूकर रोपं पाठवू लागला. १८७२ मध्ये डार्विन पुन्हा सनड्यूकडे वळला.

आता प्रश्न पुढचा होता. रोप नुसतं पकडतं की खरंच पचवतं?

त्यानं उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे छोटे चौकोनी तुकडे पानांवर ठेवले. एक-दोन दिवसांत तुकड्यांच्या कडा गोलसर झाल्या, मग तुकडे विरघळले. तपासल्यावर कळलं की पान आम्ल सोडतं. मग त्यानं त्यावर अल्कली घातलं, पचन थांबलं. पुन्हा आम्ल घातलं, पचन सुरू झालं. आपल्या जठरात जे चालतं तेच, फक्त इथं पोट उघड्यावर होतं.

या प्रयोगांत भारताचाही एक धागा आहे. कलकत्त्यात नोकरी करून सापांच्या विषावर काम केलेले डॉक्टर जोसेफ फेरर यांनी डार्विनला नागाचं वाळवलेलं विष दिलं. डार्विननं ते सनड्यूला दिलं. ज्या विषानं माणूस मरतो त्यानं रोप मरेल असं वाटेल ना? झालं उलटंच. रोपाला विष बाधलं नाहीच, उलट ते जोरात उत्तेजित झालं. यावरून त्याला वाटलं की या रोपात हालचाल असली तरी प्राण्यांसारख्या नसा नाहीत. एमाच्या चेष्टेला मिळालेलं उत्तर होतं हे. रोप प्राण्यासारखं खातं, पण ते प्राणी नाही.

अमोनिया फॉस्फेटचा परिणाम तर त्याला स्वतःलाच पटेना. मिलिग्रॅमच्या लाखाव्या भागापेक्षाही कमी मात्रा आणि तरी केस वाकतो. आपलं हसं होईल या भीतीनं त्यानं ते प्रयोग परत परत केले.

या कामात मदत करणारे सगळे काही मोठ्या संस्थांमधले नव्हते. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडमध्ये राहणाऱ्या मेरी ट्रीट या बाई घरीच अशा वनस्पतींचं निरीक्षण करायच्या आणि डार्विनला पत्रं लिहायच्या. डार्विननं आपल्या पुस्तकात त्यांचा नावानं उल्लेख केला. तो काळ बघता ही साधी गोष्ट नव्हती.

शेवटी २ जुलै १८७५ ला इन्सेक्टिव्होरस प्लांट्स हे पुस्तक बाजारात आलं. चित्रं काढली जॉर्ज आणि फ्रान्सिस या मुलांनी. ३,००० प्रती छापल्या होत्या, त्यातल्या २,७०० विकल्या गेल्या. पुस्तकातला अर्ध्याहून जास्त मजकूर त्या एका सनड्यूवर होता.

सूपच्या थाळ्या आणि एक दुखावलेला मुलगा

पण विरोधकांकडे एक सवाल शिल्लक होता. मान्य, रोप किडा पकडतं आणि विरघळवतं. पण त्यानं रोपाचा काही फायदा होतो का? किडा न मिळालेली रोपंही हिरवीगारच असतात की. मग हे सगळं कशासाठी?

सवाल रास्त होता. फायदा नसेल तर नैसर्गिक निवडीनं हे असलं पान घडेलच कसं? म्हणजे एका रोपावरून सगळा सिद्धान्तच पणाला लागला होता.

उत्तर दिलं फ्रान्सिसनं. हा डार्विनचा मुलगा शिकून डॉक्टर झाला होता, पण वडिलांचा मदतनीस म्हणून डाउनमध्येच काम करत होता. १८७६ मध्ये त्याची बायको एमी बाळंतपणानंतर गेली. तान्ह्या बर्नार्डला घेऊन तो आईवडिलांच्या घरी राहायला आला. त्या दुःखातच १८७७ च्या उन्हाळ्यात त्यानं हा प्रयोग मांडला.

घरातल्या सूपच्या थाळ्या घेतल्या, त्यात शेवाळ भरलं आणि साधारण २०० रोपं लावली. प्रत्येक थाळीच्या मधोमध लाकडी पट्टी. एका बाजूच्या रोपांना भाजलेल्या मांसाचे बारीक कण द्यायचे, दुसऱ्या बाजूला उपाशी ठेवायचं. वरून बारीक जाळी, म्हणजे बाहेरचा किडा येऊन हिशोब बिघडवणार नाही. मांस दिलं ते कमजोर दिसणाऱ्या बाजूला, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको.

थोड्याच दिवसांत फरक नजरेला दिसू लागला. खाल्लेली बाजू जास्त हिरवी, जास्त टवटवीत. पण खरा निकाल बियांनी दिला. उपाशी बाजूला १०० बिया धरल्या तर खाणाऱ्या बाजूला २४१. बियांचं एकूण वजन जवळपास पावणेचार पट.

म्हणजे रोप जगतं दोन्हीकडे. पण पुढची पिढी वाढवण्यात खाणारं रोप कितीतरी पुढे जातं. नैसर्गिक निवडीला एवढंच पुरेसं असतं. १८७८ मध्ये फ्रान्सिसचा निबंध प्रसिद्ध झाला आणि १८८८ मध्ये त्यानं वडिलांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली, तेव्हा हा पुरावा त्यात घातला.

तुमच्या बाल्कनीत सनड्यू असेल तर

आता डार्विनच्या या खटाटोपातून आपल्याला काय मिळतं? सनड्यू सांभाळायचं सगळं तंत्र.

सनड्यू किडे खाते कारण तिच्या जमिनीत खायला काही नसतं. दलदलीच्या मातीत नायट्रोजन आणि फॉस्फरस नावालाच. मुळंही कमजोर, मुख्यतः पाणी ओढण्यापुरती. त्यामुळे या रोपाची काळजी घेणं म्हणजे लाड करणं नाही, तर लाड टाळणं. बहुतेक सनड्यू आपल्याकडे मरतात त्या उपासमारीनं नाही, प्रेमानं.

पहिली गोष्ट पाणी. नळाचं आणि बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार कुंडीत साचतात आणि मुळं जळतात. पावसाचं साठवलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी सगळ्यात चांगलं. आरओचं चालतं, पण टीडीएस ५० च्या आत हवा. कुंडी बशीत ठेवा आणि बशीत एक-दोन सेंटिमीटर पाणी कायम राहू द्या.

दुसरी गोष्ट माती. बागेतली माती, शेणखत, गांडूळखत, कंपोस्ट, काहीही नको. पीट मॉस आणि धुतलेली जाडसर वाळू किंवा परलाइट निम्मं-निम्मं घ्या. मातीच्या कुंडीतून क्षार उतरतात, म्हणून कुंडी प्लास्टिकची बरी.

तिसरी गोष्ट ऊन. पानावर थेंब येत नसतील, पानं नुसती हिरवी आणि लांबट होत असतील, तर प्रकाश कमी पडतोय. सकाळचं चांगलं ऊन द्या. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र सावली हवी. बंद काचेच्या बरणीत ठेवून उन्हात ठेवलंत तर रोप शिजेल.

चौथी गोष्ट खाणं. बाल्कनीत असेल तर चिलटं आणि बारीक माश्या ती स्वतः पकडते. घरात असेल तर महिन्यातून एक-दोनदा बारीक मेलेला किडा एखाद्या पानावर ठेवला तरी पुरे. मटण, चिकन, चीज घालू नका. ते करून डार्विननं पानं मारली आहेत, तुम्ही परत मारायची गरज नाही. आणि रीलसाठी बोटानं सारखं डिवचू नका. रोप उगाच दमतं.

जात निवडतानाही डोकं वापरा. डार्विनची गोल पानांची सनड्यू थंड प्रदेशातली आहे, हिवाळ्यात ती कळी करून झोपते. पुण्या-मुंबईच्या हवेत तिचे हाल होतात. नवशिक्यांसाठी दक्षिण आफ्रिकेची केप सनड्यू चिवट आणि सोपी. मात्र घ्यायची ती नर्सरीत वाढवलेलीच.

कारण हे रोप आपल्याकडे रानातही आहे. सातारच्या कास पठारावर, कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्याच्या सड्यांवर पावसाळ्यात दवबिंदू उगवते. खाली खडक, वर बोटभर माती, म्हणजे पुन्हा तीच उपाशी जमीन. शेजारी निळी-जांभळी सीतेची आसवं फुललेली असतात. लोक फुलांचे फोटो काढून जातात, पण तीही किडे पकडणारी वनस्पती आहे आणि तिच्या कुळावरही डार्विननं त्याच पुस्तकात लिहिलंय. तिथली रोपं उपटून आणू नका. ती मिनरल वॉटरवर आणि कुंडीतल्या मातीवर जगत नाहीत, आणि तिकडचा सडाही रिकामा होतो.

शेवटी

डार्विनचं शेवटचं पुस्तक १८८१ मध्ये आलं, तेही गांडुळांवर. १९ एप्रिल १८८२ ला, वयाच्या ७३ व्या वर्षी, डाउनच्या घरातच तो गेला. त्याला गावातच पुरलं जावं अशी इच्छा होती, पण देशानं ऐकलं नाही. ज्याला धर्मबुडवा म्हणून शिव्या घातल्या, त्यालाच लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये मानानं जागा दिली.

आणि जिच्या आजारपणामुळे त्या उन्हाळ्यात सगळे हार्टफिल्डला गेले होते ती हेन्रिएटा? ती बरी झाली, वडिलांच्या पुस्तकांचे कच्चे खर्डे तपासत राहिली आणि पार १९२७ पर्यंत जगली.

डार्विनची मोठी गोष्ट जहाजाची आहे, बेटांची आहे, भांडणांची आहे. पण आजारी पोरीच्या काळजीत असलेला एक बाप माळरानावर फिरतो, एका रोपापाशी खाली बसतो आणि मोजायला लागतो, ही गोष्टही तितकीच त्याची आहे. पुढच्या वेळी तुमच्या बशीतल्या सनड्यूवर एखादं चिलट चिकटलेलं दिसलं, तर दोन मिनिटं थांबून बघा. काही घालू नका. नुसतं बघा.